मागच्या शॉकच्या स्प्रिंगा घरीच रंगवल्या

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत माझ्या जुन्या बाईकच्या मागच्या स्प्रिंगांवर गंजाचे पापुद्रे आले होते. शॉकॲब्सॉर्बर मात्र उत्तम होते, तेल गळत नव्हतं. मग नवे कशाला घ्यायचे?

गाडी डबल स्टँडवर घेऊन एका वेळी एकच बाजू खोलली, म्हणजे चाक दुसऱ्या शॉकवर तोललेलं राहतं. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर आधी सर्वांत मऊ खाचेवर आणला. खरी जोखीम पुढेच आहे. स्प्रिंग बसवलेली असते तीच दाबून. अचानक सुटली तर हाड मोडेल. म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं साधन, मागून आणला आणि मगच स्प्रिंग अडवून ठेवणारी वरची लॉकं काढली. दाट वेढे कुठल्या बाजूला आहेत त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

गंज तारेच्या ब्रशने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला. ॲसिडमध्ये अजिबात बुडवू नका. स्प्रिंगचं कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊन भाराखाली तुटू शकतं. थिनरने पुसून एपॉक्सी प्रायमर मारला, वर काळ्या स्प्रेचे पातळ हात. जाड थर दिला तर वेढे दाबले जाताना तडकतो. जोडताना शॉकचा चकचकीत दांडा स्वच्छ पुसला, कारण धुळीने आतलं तेल अडवणारं ऑइल सील जातं. शॉकच्या टोकांचे रबरी बुश चिरले होते, तेही बदलून टाकले.