निखळलेला दात परत कसा बसवावा

फुटबॉलच्या मैदानात तोंडावर कोपर बसतं, आखाड्यात समोरच्याचं डोकं आपटतं आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. माणूस बेशुद्ध असेल, उलट्या होत असतील किंवा जबडा वाकडा दिसत असेल, तर दात बसवत बसू नका. तो दुधात टाका आणि थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

सहा वर्षांखालच्या पोराचा पुढचा दात दुधाचाच समजा. तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

पक्का दात पांढऱ्या भागाला धरून उचला.

लोक माती खातात ती इथं. दाताला तांबडी माती दिसली की कुणी रुमालानं खसाखसा पुसतो, कुणी ब्रश काढतो, कुणी डेटॉल ओततो. यातलं काहीही करू नका! मुळावरच्या पातळ पापुद्र्यातल्या जिवंत पेशीच दाताला पुन्हा धरून ठेवतात. त्या खरवडल्या तर दात बसतो, पण पुढं मूळ हाडाला चिकटतं आणि झिजत जातं. थंड दुधात किंवा सलाइनमध्ये हलवून घ्या. नसेल तर नळाच्या बारीक धारेखाली 10 सेकंद. बास. तरी माती सुटली नाही तर घासू नका, दुधात ठेवून न्या.

स्वच्छ झाला की लगेच खाचेत बसवा. फुगीर बाजू ओठाकडं, खोलगट जिभेकडं. बोटानं हळूच दाबा, शेजारच्या दाताच्या रेषेत आला की थांबा. अडला तर जोर नको. मग घडी केलेला रुमाल चावून धरायला सांगा.

बसवायची छाती होत नसेल तर पिशवीतलं थंड, बिनसाखरेचं दूध आणा. कोल्हापूरच्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध अंगाला उत्तम, या कामाला नव्हे. साध्या पाण्यात ठेवणंही नको, त्यात पेशी फुगून फुटतात. दात कोरडा ठेवलात तर अर्ध्या तासातच काम बिघडू लागतं, तासाभरानं पेशी मेल्याच समजा. तरीही फेकू नका, दंतवैद्य तोही बसवून बघतात.

दंतवैद्य बसवलेला दात शेजारच्या दातांना तारेनं साधारण 2 आठवडे बांधतात. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच काळात रूट कॅनालही करावं लागतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. तोवर पांढरा रस्सा कोमट करून चालेल, मटणाची नळी चोखणं बंद.