ट्रॅक डेची तयारी कमी खर्चात: काय घरी बनवायचं आणि काय अजिबात नाही

ट्रॅक डे म्हणजे आपली मोटरसायकल रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. पुण्याहून चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो की कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, दोन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. गाडी नेणं-आणणं, ट्रॅकची फी, टायर आणि ब्रेकपॅड यांतच खिसा रिकामा होतो. म्हणून बाकीचं सामान घरी बनवायचा विचार योग्यच आहे. फक्त एक रेघ आधी ओढून घ्या: अंगावर चढणारी वस्तू विकत, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी उभी करायच्या जागेत) गाडीला लागणारी वस्तू घरी.

हेल्मेट, सूट, बूट, हातमोजे आणि पाठीचा प्रोटेक्टर यांत जुगाड नको. पाठीच्या प्रोटेक्टरच्या ईएन 1621-2 या युरोपीय मानकाच्या चाचणीत आरपार पोचणारा सरासरी जोर लेव्हल 1 ला 18 किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल 2 ला फक्त 9. योगा मॅट कापून आत घातलेला फोम या आकड्यांच्या आसपासही जात नाही. सूट वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण बूड, कोपर आणि खांद्याची शिवण ताणून बघा. उसवली असेल तर चामड्याचं काम करणाऱ्याकडून बाँडेड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घ्या. सुती दोरा घासताना आधी तुटतो आणि चामडं धड असूनही शिवण उघडते.

घरी बनवायची पहिली वस्तू म्हणजे मागचा पॅडॉक स्टँड, म्हणजे मागून लावून हँडल खाली दाबलं की मागचं चाक उचलून धरणारा स्टँड. चेन, टायर, ब्रेक, सगळी कामं त्यावरच होतात. 25 मिमी बाहेरच्या व्यासाचा, 2 मिमी जाडीचा एमएस (माइल्ड स्टील) पाइप अडीच मीटर लागतो, म्हणजे जेमतेम तीन किलो. भोसरीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांतही भागेल. शिवाय 6 मिमी प्लेटचे दोन हूक, 75 मिमी व्यासाची दोन नायलॉनची चाकं आणि 8.8 ग्रेडचे दोन एम12 बोल्ट घ्या. जीआय पाइप घेऊ नका. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि वेल्डही सच्छिद्र बसतो.

मापं आपल्याच गाडीवरून घ्यायची. स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) बॉबिन, म्हणजे स्टँडचा हूक अडकायचे खाचेचे गोल तुकडे, लावा. आटे गाडीप्रमाणे एम6, एम8 किंवा एम10 असतात, म्हणून आधी हाताने फिरवून बघा; पाना लावून दामटलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. आता जमिनीपासून बॉबिनच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. समजा ती 300 मिमी आली. टायर 40 मिमी उचलायचा, म्हणजे शेवटी हूक 340 वर हवा. स्टँडच्या चाकाचा मध्य 38 मिमीवर आहे, तेव्हा चाकाच्या बोल्टपासून हूकपर्यंतचा उभा दांडा साधारण 304 मिमी.

तो 302 न धरता 304 का, यातच स्टँडची सगळी मेख आहे. हँडल जमिनीला टेकल्यावर हूक चाकाच्या बोल्टच्या बरोबर वर नको, सुमारे 35 मिमी मागे, म्हणजे हँडलच्या बाजूला हवा. मग गाडीचं वजनच हँडलला खाली दाबून ठेवतं. हूक बोल्टच्या पुढे राहिला तर हात सोडताच स्टँड उलटा फिरतो आणि गाडी खाली येते. फार मागे गेला तर स्टँड काढताना दोन माणसं लागतात.

हँडल बोल्टपासून 600 मिमी लांब ठेवा. 170 किलोची गाडी धरली तर मागच्या चाकावर साधारण 85 किलो येतात. उचलायच्या सुरुवातीला हूक बोल्टच्या साधारण 155 मिमी पुढे असतो आणि हँडल वर असल्यामुळे त्याची आडवी लांबी 500 मिमीच भरते. हिशेब केला तर हाताला सव्वीसेक किलोचा जोर लागतो. तेच हँडल 450 मिमी केलं तर पस्तीसेक किलो. त्यात गाडी तोलायची असते, म्हणून पाइपमध्ये काटकसर नको.

दोन्ही हूकमधलं अंतर बॉबिनच्या खाचांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि 2 मिमी जास्त ठेवा. हूकची खाच किमान 20 मिमी खोल हवी. सायलेन्सर, चेन आणि टायर यांना दांडा कुठे लागत नाही ना, हे तार वाकवून आधीच पाहून घ्या. दांड्याचा आणि हँडलचा जोड हा सगळ्यात ताणाचा भाग, तिथे 5 मिमीच्या पट्टीचा त्रिकोण लावा.

आधी फक्त टाके (ठिपक्यांएवढे कच्चे वेल्ड) मारा. स्टँड जमिनीवर ठेवा, ओळंब्याने ते 35 मिमी तपासा, गाडी एकदा उचलून बघा, मगच पूर्ण वेल्ड करा. 2.5 मिमीची 6013 काडी आणि 70 ते 80 अँपिअर पुरतात; जाड काडीने 2 मिमीच्या पाइपला भोक पडतं. वेल्ड थंड होताना दांडे आत ओढले जातात, म्हणून हूकच्या मध्ये मापाची आडवी पट्टी टाक्यांवर बसवून ठेवा आणि सगळं झाल्यावर ग्राइंडरने कापून काढा. रेड ऑक्साइड, त्यावर ऑइल पेंट, झालं.

वापरताना गाडी न्यूट्रलमध्ये, साइड स्टँडवरून सरळ केलेली, आणि पहिल्या काही वेळा कोणीतरी पुढे धरलेली असू द्या. उचलताना स्टँडची चाकं सुमारे 20 सेंमी पुढे सरकतात. ती खड्ड्यात किंवा मातीत अडली तर गाडीच मागे ओढली जाऊन तिरकी होते.

गुडघ्याचे स्लायडर, म्हणजे वळणात गाडी झुकवल्यावर ट्रॅकला घासणारे सूटवरचे तुकडे, हेही घरी चांगले होतात. अंगावरच्या वस्तूंमधला हा एकच अपवाद, कारण तो घासण्यासाठीच असतो. मार झेलायचं काम आतल्या पॅडचं. स्वयंपाकघरातला 12 मिमी जाडीचा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड घ्या, पण तो एचडीपीईचा (टणक पॉलिथिनचा) हवा. तुकडा पाण्यात टाका: तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, बुडाला तर नायलॉन किंवा दुसरं काही. 110 बाय 80 मिमीचे दोन तुकडे कापा, कोपरे गोल करा आणि कडेने 12 मिमी रुंदीची पट्टी कानशीने घासून 5 मिमी जाडीवर आणा. हीट गनने 120 अंशांच्या आसपास सगळीकडून सारखं तापवा आणि जाड हातमोजे घालून स्टीलच्या गोल डब्यावर दाबून वीसेक मिनिटं धरा. 130 अंशांजवळ एचडीपीई वितळतं, त्यामुळे एकाच जागी झोत धरू नका.

वेल्क्रो चिकटवायच्या फंदात पडू नका, एचडीपीईला साधा गोंद धरतच नाही. त्या पातळ कडेला 2 मिमीची भोकं पाडून नायलॉनच्या दोऱ्याने वेल्क्रो शिवा. दोरा कडेवर, म्हणजे घासणाऱ्या पृष्ठभागाच्या 7 मिमी खाली राहतो. वरून शिवलात तर पहिल्याच घासणीत दोरा जातो आणि स्लायडर ट्रॅकवर पडतो, मागच्याच्या चाकासमोर. स्क्रू किंवा रिव्हेट मारू नका, धातू डांबरात अडकतो. झीज होऊन दोऱ्यापर्यंत 3 मिमी उरले की बदला.

ऑइल ड्रेन बोल्टला लॉकवायर (बोल्ट सुटू नये म्हणून बांधायची तार) लावायला बरेच आयोजक सांगतात, आणि कोणी न सांगताही लावावी, कारण ट्रॅकवर सांडलेलं ऑइल दुसऱ्याला पाडतं. नाना पेठेतून ड्रेन बोल्ट जादा घ्या आणि त्यालाच भोक पाडा, लावलेल्याला नाही. बोल्टच्या डोक्याच्या एका सपाट बाजूवरून शेजारच्या सपाट बाजूकडे, कोपरा ओलांडून, 1.5 मिमीचं भोक. तिरक्या पृष्ठभागावर ड्रिल घसरून तुटतं, म्हणून सेंटर पंच मारा, वर 1.5 मिमीचं भोक असलेला लोखंडाचा ठोकळा गाइड म्हणून क्लॅम्प करा आणि ऑइलचे थेंब टाकत, दर मिलिमीटरला बाहेर काढत जा. 0.8 मिमीची स्टेनलेस तार वापरा, 25 मिमीत 6 ते 8 पिळे. तार अशी ओढलेली हवी की बोल्ट सुटायला लागला तर ती त्याला घट्ट करण्याच्या दिशेने खेचेल. उलट बांधलेली तार नुसती शोभेची. फिल्टर काडतुशीसारखा बाहेर असेल तर त्याला होज क्लॅम्प आवळा आणि क्लॅम्पच्या स्क्रूला तार बांधा.

टायर वॉर्मर (टायर आधीच तापवणारं विजेचं आवरण) बनवू नका. रबराला चिकटलेली घरगुती हीटिंग कॉइल, पिटमधलं पाणी आणि 230 व्होल्ट एकत्र आणण्याइतकी गरज रोजच्या टायरना नसते, पहिल्या दोन फेऱ्या सावकाश मारल्या की पुरतं. चांगला प्रेशर गेज मात्र विकत घ्या. 25 अंशांना 30 पीएसआय भरलेला टायर आत 60 अंशांना पोचला की 35 दाखवतो. म्हणून सेशन संपवून पिटमध्ये येताच, टायर थंड व्हायच्या आत मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

हेडलाइटवर मास्किंग टेप लावण्याआधी फ्यूज काढा, नाहीतर दिव्याच्या उष्णतेने टेपचा गोंद काचेवर भाजून बसतो. गाडी टेम्पोत बांधताना क्लिपऑन हँडलला (फोर्कवर क्लॅम्पने आवळलेल्या हँडलला) पट्टा अडकवू नका, ते फिरतात. खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (दोन्ही फोर्क धरणाऱ्या जोडाला) मऊ लूप घाला आणि फोर्क अर्धाच दबेपर्यंत ओढा. पूर्ण दाबला तर ऑइल सीलवर ताण येतो, अगदी कमी दाबला तर पहिल्या खड्ड्यात हूक निसटतो. कात्रज ओलांडल्यावर एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळा, नवा पट्टा सुरुवातीला हमखास सैल होतो.