पैसा थोडा, समस्या ढीगभर: क्रम लावताना या चुका टाळा

जागतिक समस्यांची यादी समोर आली की माझी नजर आधी दशांशचिन्हावर जाते. ‘प्राधान्य गुण 8.73’ असं दिसलं की समजायचं, गणित घाईत उरकलंय.

आयता आकडा उचलणं. याची मला सगळ्यात जास्त चीड. ‘डिसीज कंट्रोल प्रायॉरिटीज’ या ग्रंथाच्या 2006 च्या आवृत्तीत जंतांवरच्या उपचाराचा खर्च छापला होता: एका डॅलीमागे, म्हणजे आजारपणात किंवा अकाली मृत्यूत गमावलेलं निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला, 3.41 डॉलर. इतकं स्वस्त म्हटल्यावर कोण प्रश्न विचारणार? 2011 मध्ये गिव्हवेलने (कुठल्या संस्थेला दान द्यावं हे तपासून सांगणारी संस्था) मूळ स्प्रेडशीट उघडून पाहिली, तर आत पाच चुका. दुरुस्त केल्यावर आकडा निघाला 326.43 डॉलर. जवळजवळ शंभरपट! गंमत म्हणजे गिव्हवेलने पुढेही जंतनाशक कार्यक्रमांची शिफारस केलीच, पण वेगळ्या आधारावर: लहानपणी गोळ्या मिळालेल्यांची पुढची कमाई.

माझी सवय अशी: यादीतल्या पहिल्या दोन-तीन कामांचं गणित कागदावर पुन्हा मांडायचं. एखादं गृहीतक दुप्पट किंवा निम्मं केल्यावर क्रम उलटला, तर ती कामं बरोबरीत धरायची. यात दुपार जाते. नवख्यांना तेवढाही धीर नसतो, त्यांना तक्ता रंगवायची घाई.

समस्यांना क्रमांक देणं. क्रमांक उपायांना द्यायचा असतो. 2004 च्या कोपनहेगन कन्सेन्ससमध्ये, म्हणजे अर्थतज्ज्ञांनी जागतिक समस्यांवरच्या उपायांचा क्रम लावला त्या उपक्रमात, एचआयव्ही प्रतिबंध पहिला आला आणि ‘हवामानबदल शेवटचा’ अशी बोंब झाली. प्रत्यक्षात तळाला होते तीन ठरावीक प्रस्ताव, त्यातला एक हरितगृह वायू कमी करण्याचा क्योटो करार. समस्या कितीही मोठी असो, मी एकच विचारतो: पुढचे दहा लाख डॉलर आले तर आज होत नाही असं नेमकं काय होईल? औषधं पडून आहेत आणि द्यायला परिचारिका नाहीत, तर आणखी औषधं घेऊन काय करणार?

मनाच्या कौलावर विसंबणं. 1992 च्या एका पाहणीत 2,000, 20,000 आणि 200,000 पक्षी वाचवायला लोकांनी सरासरी 80, 78 आणि 88 डॉलर देऊ केले. बस्स.

सवलतीचा दर, म्हणजे पुढच्या काळातल्या फायद्याचं मोल आजच्यापेक्षा दरवर्षी किती कमी धरायचं तो दर, तळटीपेत लपवणं. तो पहिल्या पानावर लिहा. हवामानबदलाच्या आर्थिक परिणामांवरच्या 2006 च्या स्टर्न अहवालावरचं निम्मं भांडण त्या दरावरूनच होतं.