शनिशिंगणापूर: तेल कसं वाहावं आणि कुठे चुकतं

आधी साडेसाती खरंच आहे का ते पाहा. २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आला. तो मीनेत असेपर्यंत कुंभ, मीन आणि मेष या तीन राशींना साडेसाती. रास म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती, वर्तमानपत्रातल्या तारखांच्या कोष्टकातली नव्हे. बरेच जण इथेच चुकतात आणि नसलेल्या साडेसातीच्या भीतीने महागड्या शांती करून बसतात.

शिंगणापूर नेवासा तालुक्यात आहे. अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या घोडेगावहून आत वळलं की ५-६ किलोमीटर. शिर्डीहून राहुरी-सोनईमार्गे ७० किलोमीटरच्या वर पडतं. या वाटांवर लटकू, म्हणजे दुकानांसाठी गिऱ्हाईक ओढणारे दलाल, उभे असतात. ते गाडीला हात करतात, 'पार्किंग इथेच आहे' म्हणतात आणि थेट पूजासाहित्याच्या दुकानासमोर उतरवतात. काच खाली न करता सरळ देवस्थानच्या वाहनतळापर्यंत जा. दुकानातून ताट घ्यायचंच असेल, तर हातात घेण्याआधी त्यातल्या प्रत्येक वस्तूचा भाव विचारा. 'आधी दर्शन घ्या, पैसे नंतर द्या' म्हटलं की हिशेब हमखास फुगतो.

तेल घरूनच न्या. सुटं, स्वस्त तेल भेसळीचं असतं आणि त्याने शनिदेवाच्या शिळेची झीज होते, म्हणून १ मार्च २०२५ पासून अभिषेकासाठी नामांकित कंपनीचं शुद्ध खाद्यतेलच चालतं. सीलबंद पिशवी किंवा बाटली रांगेत फोडू नका. फरशीवर तेल सांडतं आणि मागचा माणूस घसरतो. खाली तेल ओतायची सोय आहे, तिथून ते नळीने वर शिळेवर जातं. अर्धा लिटर पुष्कळ झालं. जास्त तेलाने जास्त पीडा टळते, असं शास्त्र नाही. सोबत मूठभर काळे उडीद, थोडे काळे तीळ आणि रुईच्या पानांची माळ एवढं पुरे. माळ स्वतः करणार असाल तर पानं आदल्या दिवशी तोडून देठाचा चीक सुकू द्या. तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून माळ ओवताना डोळ्यांना हात लावू नका आणि नंतर हात साबणाने धुवा.

शिळा साडेपाच फुटांहून उंच. ना गाभारा, ना छप्पर. देव उघड्यावरच ऊन-पाऊस झेलतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी फरशीवर अनवाणी पाय भाजतात, तेव्हा पहाटे किंवा संध्याकाळी जा. स्त्रियांनाही चौथऱ्यावर जाता येतं. २०१६ च्या गुढीपाडव्याला ही वाट खुली झाली. चौथऱ्यावर जायचे नियम आणि देणगी बदलत असते, म्हणून देवस्थानच्या कार्यालयात विचारून रीतसर पावती घ्या. घरबसल्या पूजा घालायची असेल तर फार जपून: २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांचे पैसे लुबाडल्याचं प्रकरण पुढे आलं.

शनी अमावास्येला (शनिवारी येणाऱ्या अमावास्येला) आणि वैशाख अमावास्येच्या शनी जयंतीला गर्दी अफाट असते. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हे दोन दिवस टाळा. बुधवारी वाहिलेलं तेलही त्याच शिळेवर पडतं.

पनवती जावी म्हणून काही जण चपला, कपडे तिथेच सोडून येतात. ते करू नका. तो कचरा दुसऱ्याला उचलावा लागतो. त्यापेक्षा घोंगडी, उडीद, तीळ गरजूच्या हातात द्या, शनीचं दान तेच.

आणि जाणं झालंच नाही तर मन खाऊ नका. गावच्या मारुतीला शनिवारी तेल आणि रुईची माळ वाहण्याची रीत याच पीडेसाठी आहे. मूर्तीवर तेल ओतण्याआधी मात्र पुजाऱ्याला विचारा. काही देवळांत फक्त दिव्यात तेल घालू देतात.