‘हे खरे नाही’ एवढंच वाचून थांबू नका: मंत्र्यांच्या उत्तरांबाबत या चुका टाळा

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीमागचा नाला सलग दोन पावसाळे तुंबला. मार्च २०२२ पासून ठाणे महापालिकेवर प्रशासक होते, त्यामुळे गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. आम्ही आमदारांना निवेदन दिलं आणि त्यांनी त्यावरून विधानसभेत प्रश्न टाकला. यथावकाश छापील उत्तर हाती आलं. पहिलीच ओळ होती, ‘हे खरे नाही.’ ग्रुपवर त्या ओळीचा फोटो फिरला, सगळे चिडले आणि विषय तिथेच मिटला. पुढच्या ओळी कोणी वाचल्याच नाहीत.

मी त्या आठवडाभराने वाचल्या. आमच्या प्रश्नाचा पहिला भाग होता: ‘सदर नाल्याची मागील दोन वर्षांत एकदाही सफाई झालेली नाही, हे खरे आहे काय?’ सफाई एकदा झाली होती, पण पुलाच्या अलीकडेपर्यंतच. म्हणजे ‘एकदाही’ या एका शब्दामुळे मंत्र्यांना नकार देता आला आणि तो नकार चुकीचाही नव्हता. तिसऱ्या भागाच्या उत्तरात मात्र लिहिलं होतं की पुलापुढचं काम ठेकेदाराने न केल्याने त्याला नोटीस बजावण्यात आली आहे. आम्हाला हवी होती ती कबुली तिथे, शेवटून दुसऱ्या ओळीत होती.

म्हणून निवेदन लिहिताना ‘एकदाही’, ‘सर्व’, ‘कायम’, ‘पूर्णपणे’ हे शब्द आधी खोडा. कुठून कुठपर्यंत, कोणत्या महिन्यात, कोणत्या कार्यादेशानुसार, एवढंच लिहा. रागाच्या भरात ‘अधिकाऱ्यांचे साटेलोटे आहे’ असंही लिहू नका. आरोप, विशेषणं किंवा नुसतं मत विचारणारे प्रश्न नियमांत बसत नाहीत आणि छाननीतच गळतात. न्यायप्रविष्ट बाबींचंही तसंच.

दुसरी चूक प्रश्नाच्या बांधणीत असते आणि ती फार महागात पडते. विधानमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, मग ‘असल्यास, काय आढळून आले’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. सगळे डबे पहिल्या डब्याला जोडलेले. पहिला घसरला की उरलेल्यांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं येतं, आणि लोकांना वाटतं मंत्र्यांनी उडवून लावलं. खरं तर तशी वाट आपणच करून दिलेली असते. एक तरी भाग स्वतःच्या पायावर उभा ठेवा: ‘या नाल्याच्या सफाईवर गेल्या दोन वर्षांत किती खर्च झाला?’ यात ‘असल्यास’ नाही, त्यामुळे ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून सुटता येत नाही.

उत्तरं एकत्र बांधलेली असतील तर जास्त सावध व्हा. ‘(१) ते (४)’ असं लिहून खाली एकच मोठा परिच्छेद येतो. पेन्सिल घेऊन प्रश्नाच्या प्रत्येक भागापुढे त्याचं उत्तर कुठे आहे ते टिपा. ज्याच्यापुढे जागा रिकामी राहील, तोच पुढच्या वेळचा प्रश्न. ‘अंशतः खरे आहे’ आलं तर कोणता अंश खरा, हे पुढच्या वाक्यांतून शोधायला हवं.

उत्तर मंत्री एकटे बसून लिहीत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडून खाली महापालिकेकडे जातो, तिथून माहिती वर येते, कक्षात मसुदा होतो आणि मग मंत्र्यांची मान्यता मिळते. ज्या कार्यालयाबद्दल तक्रार आहे, बहुतेक वेळा माहिती त्यांचीच असते. म्हणून आमदारांना निवेदनासोबत तारखेचे फोटो आणि तक्रार क्रमांक द्या. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तरासाठीचा, प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर उपप्रश्न विचारता येतात, आणि तिथे आमदारांच्या हातात ते कागद असले पाहिजेत. पुकारला गेला नाही तर लेखी उत्तरावरच भागतं. अतारांकित प्रश्नाला तर लेखीच उत्तर असतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, पण प्रश्नोत्तरांचा तास एकच. त्यामुळे ‘आमचा प्रश्न सभागृहात आलाच नाही’ म्हणून हताश होऊ नका, लेखी उत्तर शोधा.

पाठपुरावा कुठवर जाऊ शकतो याचं माझ्या मनात घर केलेलं उदाहरण १९५७ चं आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याचा विषय फिरोज गांधींनी लोकसभेत लावून धरला. छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते.

आपल्या ठाणे-नवी मुंबई भागात आणखी एक घोटाळा नेहमी होतो: प्रश्न चुकीच्या दारात जातो. ठाणे स्थानक किंवा ट्रान्स हार्बर लोकलचा विषय रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा. तो आमदारांकडे नको, खासदारांकडे न्या. सिडको आणि दोन्ही महापालिका नगर विकास विभागाखाली येतात, पण महापे-रबाळेच्या एमआयडीसीतला रस्ता किंवा पाणी असेल तर उद्योग विभाग. नवी मुंबईत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी प्राधिकरणं असू शकतात. आधी मालकी शोधा, नाहीतर ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढ्यावर अख्खं अधिवेशन निघून जातं.

आणि उत्तरात ‘करण्यात येईल’ दिसलं की त्याखाली रेघ मारा. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द हे आश्वासन असतं, आणि ते पाळलं का हे पाहायला आश्वासन समिती असते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. आमदारांना अधिवेशन संपताच त्या वाक्याची आठवण द्या, पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.

‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असं भूतकाळात लिहिलेलं असेल तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवस. आम्ही नाल्याच्या ठेकेदाराला बजावलेल्या नोटिशीची प्रत अशीच मागितली. ती आली. तिच्यावरची तारीख आमचा प्रश्न दाखल झाल्यानंतर नऊ दिवसांची होती. तोवर दोन पावसाळे कोणी काहीच का केलं नाही, हा आता आमच्या नव्या निवेदनातला पहिला प्रश्न आहे, आणि त्यात ‘असल्यास’ कुठेही नाही.