मराठी लेखाचे एसईओ : लेख गुगलवर सापडण्यासाठी काय करावे

कोल्हापूरच्या चपलेवर, रश्श्यावर, पन्हाळ्यावर किंवा राधानगरीच्या धरणावर मनापासून लिहिलेला मराठी लेख गुगलवर शोधणाऱ्याच्या हाती लागतोच असे नाही. याचे कारण बहुतेक वेळा लेखाच्या दर्जात नसते, तर शोधणारा कोणत्या शब्दांत विचारतो आणि लेखक कोणत्या शब्दांत लिहितो यांतील अंतरात असते. शोधयंत्रासाठी लेख अनुकूल करणे, म्हणजेच एसईओ, हे मुख्यतः ते अंतर कमी करण्याचे काम आहे. तांत्रिक बाबींना महत्त्व आहेच, परंतु त्यांचा क्रमांक दुसरा लागतो. सोयीसाठी पुढे ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी’ या विषयावरील लेख उदाहरण म्हणून घेतला आहे.

गुगलचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, दुव्यांवरून पानापर्यंत पोहोचतो, पानातील मजकूर वाचून त्याची नोंद करतो आणि कोणी काही विचारले की त्या नोंदींतून उत्तरे निवडून क्रमाने लावतो. करवीर नगर वाचन मंदिरातले एखादे पुस्तक नोंदवहीत चढलेच नसेल, तर ते कपाटात असूनही मागणाऱ्याला मिळणार नाही. पहिले दोन टप्पे पार न केलेल्या लेखाची अवस्था तशीच असते.

मजकूर यंत्राला वाचता येतो का?

म्हणून प्रथम लेखातील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा गुगलच्या शोधचौकटीत चिकटवून पाहावी. देवनागरी अक्षरे जशीच्या तशी उमटली, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे. रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसला, तर तो जुन्या छपाईच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. डीटीपीच्या दुकानांतून कित्येक वर्षे श्रीलिपीसारख्या प्रणालींत मजकूर तयार होत आला आहे. त्यांतील जुन्या फाँटमधली अक्षरे पडद्यावर मराठी दिसत असली, तरी यंत्राच्या लेखी ती मराठी नसतात. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर जोडाक्षरे, रफार व ‘ऱ्या’सारखी अक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण परिवर्तक हमखास चुकतात ते याच ठिकाणी.

दुसरी अडचण चित्रांची. चौकाचौकांत डिजिटल फलक लावण्याची हौस आपल्या कोल्हापूर शहराला आहे आणि तीच सवय संकेतस्थळांवरही उतरली आहे: सगळी माहिती एका रंगीत फलकावर मांडायची आणि तो फलक चित्र म्हणून चढवायचा. चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्राने विसंबावे अशी अपेक्षा ठेवू नये. पत्ता, वेळ आणि किंमत हे सारे टाइप केलेल्या मजकुरात असलेच पाहिजे.

लेखाची नोंद झाली आहे की नाही, हे गुगल सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात पानाचा पत्ता (यूआरएल) तपासून कळते. नोंद झालेली नसेल, तर तेथूनच तशी विनंती करता येते.

शोधणाऱ्याचे शब्द

लेखाच्या यशापयशाचा मोठा भाग येथे ठरतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते. आपण लिहिताना ‘चपलेची निवड’, ‘चपलांचे प्रकार’, ‘रश्श्याची चव’ असे लिहितो. शोधणारा मात्र बहुधा ‘कोल्हापुरी चप्पल किंमत’ किंवा ‘पांढरा रस्सा रेसिपी’ असे, प्रत्यय गाळून, शब्द नुसते एकापुढे एक ठेवून टाइप करतो. गुगलने २०१९ मध्ये ‘बर्ट’ ही भाषा समजून घेण्याची प्रणाली शोधात आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती ७० हून अधिक भाषांपर्यंत नेली. त्यामुळे अर्थ जुळवण्याची यंत्राची ताकद वाढली आहे यात शंका नाही. तरीही सर्व भिस्त तिच्यावर टाकण्याचे कारण नाही. मुख्य शब्द त्याच्या मूळ रूपात शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि किमान एका उपशीर्षकात यावा, म्हणजे इतरत्र भाषा तिच्या स्वाभाविक वळणाने लिहिता येते. ‘चपलेची ओळख’ या शीर्षकाऐवजी ‘कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी’ असे शीर्षक दिले की हे साधते आणि वाक्यही ओढाताण केलेले वाटत नाही.

दुसरा भेद गावच्या बोलीचा आहे. आपल्याकडे घरात ‘पायताण’ म्हणतात. पुण्याहून किंवा नागपूरहून शोधणारा ‘चप्पल’ लिहितो. शीर्षकात चप्पल असावी आणि लेखात पायताण, कापशी, कुरुंदवाडी ही नावे प्रत्येक प्रकाराच्या वर्णनासह यावीत, कारण ज्याला ती ठाऊक आहेत तो नेमके तेच नाव टाइप करून येतो आणि असा वाचक बहुधा पूर्ण लेख वाचतो.

मराठी शोध रोमन लिपीतही केला जातो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मात्र त्यासाठी लेखात रोमन शब्दांची माळ ओवणे हा उपाय नव्हे. त्याने लेख विद्रूप होतो, आणि शब्दांची अशी भरताड गुगलच्या धोरणानुसार स्पॅममध्ये मोडते. पानाच्या पत्त्यात रोमन शब्द असले, तेवढे पुरे. तसेच ‘कोल्हापूर’ हा शब्द अनेक जण ऱ्हस्व ‘पु’ने टाइप करतात, म्हणून लेखातही अशुद्ध रूप पेरावे असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. शुद्धलेखनाच्या अशा चुका यंत्र सावरून घेते. वाचकाचा उडालेला विश्वास मात्र कोणी सावरत नाही.

हे शब्द मिळवायचे कोठून? शोधचौकटीत ‘कोल्हापुरी चप्पल’ एवढेच लिहून थांबावे आणि खाली सुचवल्या जाणाऱ्या पुरवण्या टिपून घ्याव्यात. निकालांच्या पानावर दिसणारे संबंधित प्रश्नही पाहावेत. कोणता शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करता येते, परंतु लहान विषयांवरील मराठी शब्दांसाठी तेथे पुरेशी माहिती नसण्याचीच शक्यता अधिक. याहून चांगला मार्ग शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये अर्धा तास उभे राहण्याचा आहे: ‘पावसात चालेल का?’, ‘चावते का?’, ‘करकर आवाज का येतो?’ हे प्रश्न गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारते, त्याच शब्दांत त्यांची उपशीर्षके करावीत.

शीर्षक, वर्णन आणि पत्ता

‘परंपरेचा वारसा जपणारी आमची पायताणे’ हे शीर्षक स्मरणिकेत शोभेल. शोधात त्यातून काहीच कळत नाही. ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी : चामडे, शिवण आणि किंमत’ हे शीर्षक लेखात काय मिळेल ते सांगते. मात्र किमतीचा उल्लेख शीर्षकात केला, तर लेखात किंमत दिलीच पाहिजे. शीर्षकाची अधिकृत अक्षरमर्यादा नाही, पण मोबाइलवर ते मध्येच तुटू शकते. म्हणून महत्त्वाचे शब्द आधी घ्यावेत. शीर्षक अयोग्य वाटल्यास गुगल निकालात स्वतःच दुसरे दाखवते, हेही ध्यानात असावे.

निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या वर्णनामुळे क्रमांक वर सरकत नाही, परंतु वाचकाने क्लिक करावे की नाही हे त्यावर ठरू शकते; ते प्रत्येक लेखासाठी वेगळे लिहावे. पानाच्या कोडमधील, कीवर्ड भरण्याच्या जुन्या मेटा टॅगवर मात्र वेळ घालवू नये. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तरी गुगलची हरकत नाही. अडचण व्यवहाराची आहे. पत्ता कॉपी केला की देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाची टक्केचिन्हांसह ९ अक्षरे होतात. ‘कोल्हापूर’ या शब्दात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार आणि र अशी ९ चिन्हे आहेत. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर एकट्या गावाच्या नावाची ८१ अक्षरे उमटतात आणि वाचणाऱ्याला तो दुवा संशयास्पद वाटतो. तीन-चार रोमन शब्दांचा, मध्ये आडवी रेघ असलेला पत्ता बरा. एकदा प्रसिद्ध झालेला पत्ता बदलू नये; बदलावाच लागला, तर जुन्यावरून नव्याकडे ‘३०१’ या क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर पोहोचतो.

लेखात काय असावे

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्यावे. छत्रपती शाहू महाराजांपासून सुरुवात करून चौथ्या परिच्छेदात चपलेपर्यंत येण्याची आपली रीत शोधून आलेल्या वाचकाला परवडत नाही. आधी ओळखीच्या खुणा सांगाव्यात: बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे, आणि खिळ्याऐवजी चामड्याच्या वादीने घातलेली शिवण. इतिहास त्यानंतर यावा. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील चार जिल्ह्यांनाही लागू आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ती अचूक सांगणारा लेख वेगळा उठून दिसतो.

गुगलने आपल्या गुणवत्तेच्या निकषांत डिसेंबर २०२२ मध्ये ‘अनुभव’ या घटकाची भर घातली. कोल्हापुरात बसून कोल्हापूरविषयी लिहिणाऱ्याचे भांडवल तेच आहे. कारागिराच्या हातातल्या चपलेचे स्वतः काढलेले छायाचित्र आणि तळव्याच्या शिवणीचा जवळून घेतलेला फोटो या गोष्टी दूर बसून चार लेखांचा पाचवा करणाऱ्याला जमत नाहीत. यंत्राकडून ढिगाने लेख लिहवून घेणे किंवा इंग्रजी मजकुराचे न तपासलेले भाषांतर चढवणे यांपासून दूर राहावे. मार्च २०२४ पासून वाचकाला उपयोग नसलेल्या घाऊक मजकुराविरुद्ध गुगलचे धोरण अधिक स्पष्ट झाले आहे.

छायाचित्रे चढवण्यापूर्वी लहान करावीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून निघालेला काही एमबींचा फोटो तसाच टाकला, तर पान उघडायला वेळ लागतो. पानातील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हा गुगलचा चांगल्या पानाचा मापदंड आहे. क्रमवारीसाठी पानाची मोबाइलवरील आवृत्तीच वाचली जाते, म्हणून तपासणी स्वतःच्या फोनवर करावी. प्रत्येक चित्राला ‘कोल्हापुरी चपलेची चामड्याच्या वादीने घातलेली शिवण’ असे नेमके पर्यायी वर्णन (ऑल्ट टेक्स्ट) द्यावे. ते दृष्टिहीन वाचकांच्या कामी येते, आणि चित्रांच्या शोधातही उपयोगी पडते.

जुन्या लेखांतून नव्या लेखाकडे दुवे द्यावेत आणि दुव्याचे शब्द ‘येथे वाचा’ असे न ठेवता ‘चामडे कमावण्याची पद्धत’ असे बोलके ठेवावेत. बाहेरून दुवे विकत घेऊ नयेत. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला पैसेही देऊ नयेत. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगल स्वतः सांगते.

हंगाम आणि पाठपुरावा

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा शोध नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस, तर जोतिबाच्या यात्रेचा चैत्रात घेतला जातो. हे लेख काही आठवडे आधी तयार असावेत. दरवर्षी नवे पान काढू नये. एकच पान कायम पत्त्यावर ठेवून त्यातील तारखा, वेळा आणि वाहतुकीचे बदल अद्ययावत करावेत. काहीही न बदलता केवळ दिनांक ताजा करणे निरर्थक आहे. बातमीमुळेही शोध वाढतो: जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि त्याच वर्षी जुलैत पन्हाळ्याचा समावेश असलेल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अशा वेळी ज्यांचे लेख आधीपासून उभे असतात, त्यांना ते केवळ वाढवावे लागतात.

यानंतर सर्च कन्सोलमधील कामगिरीचा अहवाल महिन्यातून एकदा उघडावा. त्यात १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते. लेख निकालात वारंवार दिसतो पण क्लिक मिळत नाहीत असे आढळल्यास शीर्षक आणि वर्णन बदलावे. सरासरी स्थान ११ ते २० यांच्या दरम्यान असल्यास कोणत्या प्रश्नावर लेख दिसतो आहे ते पाहून त्या प्रश्नाचे उत्तर लेखात अधिक सविस्तर द्यावे. ज्या प्रश्नांची आपण कल्पनाही केली नव्हती, असे प्रश्न या यादीत हमखास सापडतात आणि पुढच्या लेखांचे विषय तेथूनच मिळतात. केलेल्या बदलाचा परिणाम काही तासांतही दिसू शकतो किंवा काही महिनेही लागू शकतात. म्हणून दर आठवड्याला शीर्षक बदलत बसू नये. एकाच प्रश्नावर आपलेच दोन त्रोटक लेख आलटून पालटून दिसत असतील, तर ते एकत्र करून एक भरीव लेख करावा आणि दुसऱ्याचा पत्ता त्याकडे वळवावा.