बारा तारांची गिटार रोज वाजवताय? या चुका टाळा

एखाद्या गाण्यापुरती बारा तारांची (दोन-दोनच्या सहा जोड्यांची) गिटार काढणं वेगळं आणि हीच आपली मुख्य गिटार म्हणून प्रत्येक तालमीला, प्रत्येक कार्यक्रमाला नेणं वेगळं. सहा तारांच्या गिटारवरच्या सवयी इथे तशाच चालवल्या की आधी सूर हलतो, मग नेक (गिटारची लांब मान) वाकते आणि शेवटी ब्रिज (तारा अडकवलेली पोटावरची पट्टी) उचकटतो. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ताण असतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

कायम ‘ई’ला (नेहमीच्या पट्टीला) चढवून ठेवणं

सहा तारांच्या लाइट (बारीक तारांच्या) सेटचा एकूण ताण सुमारे 75 किलो असतो. बारा तारांच्या 0.010 इंचापासूनच्या लाइट सेटचा ताण 110 किलोच्या पुढे जातो. लाकूड तितकंच, ओढ मात्र दीडपट. रोज वाजवायची असेल तर सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे ‘डी’ला लावा. त्याने ताण साधारण 20 टक्के उतरतो, बोटांचा त्रास कमी होतो आणि आवाजही भरदार होतो. मूळ पट्टी हवी तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावला की झालं.

गायकाच्या पट्टीसाठीही हे सोयीचं पडतं. ‘डी’ला लावलेल्या गिटारवर ‘सी’चा कॉर्ड कॅपोशिवाय हार्मोनियमच्या काळी पाचमध्ये वाजतो, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एकमध्ये. काळी चार हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि ‘ए’चा आकार.

कॅपो मात्र रुंद आणि स्क्रूने आवळायचा घ्या. नटपाशी (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) या गिटारची रुंदी 48 मिलिमीटरच्या आसपास असते. साध्या स्प्रिंगच्या कॅपोखाली जाड तार दबते, तिच्या शेजारची बारीक तार सैल राहते आणि खरखरते. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर सूर पुन्हा तपासा.

जोडी एकत्र छेडून ट्यूनर बघणं

दोन तारा एकदम वाजल्या की क्लिपचा ट्यूनर गोंधळतो. आधी प्रत्येक जोडीतली एक तार बोटाने दाबून बंद करा आणि नेहमीच्या सहा तारा लावून घ्या. मग दुसरी तार एकटी लावा. ‘ई’, ‘ए’, ‘डी’, ‘जी’ या चार जोड्यांत ती एक सप्तक वर असते, ‘बी’ आणि बारीक ‘ई’मध्ये त्याच स्वरात. शेवटी जोडी एकत्र छेडा आणि ट्यूनर बाजूला ठेवा. तंबोऱ्याची जोडी जुळवताना लहर हळू होत होत थांबते, तसंच इथेही ऐकायचं. स्वर नेहमी खालून वर चढवत आणा. वर गेला तर पूर्ण खाली उतरवून पुन्हा चढवा. चावी फिरवताना नटपाशी ‘टिक’ आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

सर्वांत आधी तुटते ती ‘जी’ची बारीक तार. तिचा स्वर बारीक ‘ई’पेक्षाही वरचा असतो. 0.008 किंवा 0.009 इंचाच्या सुट्या साध्या तारा पिशवीत असू द्या. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत विचारा. मात्र नवा सेट घालताना सगळ्या बारा तारा बदला. जोडीतली एक नवी आणि एक जुनी राहिली तर सूर जुळूनही आवाज फाटका येतो. बदलताना एका वेळी एकच जोडी काढा, म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही आणि कोणती तार कोणत्या चावीला, हा घोळही होत नाही.

पावसाळ्याकडे दुर्लक्ष

गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जून ते सप्टेंबर ती बरेचदा 80 च्या वर असते. लाकूड फुगतं, ब्रिजच्या मागचा भाग वर येतो आणि तारा फ्रेटपासून उंच होतात. वांद्रे, वरळी, दादरसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या हवेने गंजही लवकर धरतो. गिटार सिलिका जेलसकट बंद केसमध्ये ठेवा, भिंतीला टांगू नका. वाजवून झालं की कोरडं सुती फडकं जोडीच्या खालून फिरवा, कारण घाम तिथेच साचतो. गंज जास्तच त्रास देत असेल तर लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी परवडतात.

एसी लावलेल्या तालमीच्या खोलीतून दमट हवेत आलात तर केस पंधरा-वीस मिनिटं बंदच राहू द्या, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. बॅग घेताना लांब हेडस्टॉक (चाव्यांचा भाग) आत नीट मावतो का, ते बघा. सहा तारांच्या बॅगेत तो चेनवर दाबला जातो आणि लोकलच्या दारात पहिला धक्का त्यालाच बसतो.

महिन्यातून एकदा ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या. ब्रिज सुटत असताना घरी ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पिळून उपयोग नाही. ट्रस रॉड नेकचा बाक सुधारतो, ब्रिजमागचं फुगलेलं पोट नाही.

वाजवताना

डाव्या हाताचं बोट अगदी टोकावर उभं ठेवलं की ‘जी’च्या जोडीत जाड तार दबते आणि बारीक निसटते. बोट किंचित आडवं करा, दोन्ही तारा मांसल भागाखाली घ्या. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) 0.6 ते 0.73 मिलिमीटरचा पुरे. जाड पिक एका तारेला जोरात बसतो, दुसरीला जेमतेम लागतो. बोटांनी वाजवताना अंगठा खाली आला की आधी बारीक तार लागते, म्हणून खर्ज हवा असेल तर अंगठा पुढच्या जाड तारेपर्यंत पोचू द्या.

सहाही जोड्या सतत झोडपल्या तर तबला आणि गायक दोघंही बुडतात. कडव्यात तीन-चार जोड्याच वाजवा, पूर्ण कॉर्ड ध्रुवपदासाठी राखा. साउंड सिस्टिमला जोडलीत तर 80 हर्ट्झच्या खालचं काढून टाका, 2 ते 4 किलोहर्ट्झच्या मधलं थोडं कमी करा आणि कोरस (आवाज दुहेरी भासवणारा इफेक्ट) बंद ठेवा. जोडतारांचा स्वतःचा कोरस असतोच, त्यावर दुसरा चढला की कॉर्ड ओळखू येत नाही.